पोरीला पियानो शिकवायचाय: गावातली पेटी, शहरातला क्लास की मोबाइलवरची शिकवणी?

"मास्तर, पोरीले पेटीवर बसवू का शहरातल्या पियानोच्या क्लासले धाडू?" अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा-मोर्शीकडच्या गावांत हा प्रश्न आता मला वरचेवर येतो. मी स्वतः पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकवतो, तरी दर वेळी उत्तर पेटीच असतं असं नाही. विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो की घरी रोज कशावर वाजवणार? क्लास आठवड्यातून अर्धा-पाऊण तास. बाकीचे सहा दिवस घरातलं वाद्यच मुलाला शिकवतं. हे ठरलं की बाकीचं ठरवणं सोपं जातं.

शहरातल्या चांगल्या खासगी क्लासचं पारडं एका बाबतीत निर्विवाद जड आहे: तिथे शिक्षक एकट्या मुलाजवळ बसतो. मनगट खाली पडलं, बोटं सपाट झाली, अंगठा बोटांखालून न्यायचा तिथे हात उचलला गेला, की लगेच हात धरून सुधारतो. या सवयी पहिल्या वर्षात लागतात आणि नंतर मोडताना फार त्रास होतो. दोन्ही हात सुरुवातीपासून वेगवेगळं काम करायला शिकतात. पाच रेघांवरची स्वरलिपी वाचता येते, म्हणजे पुढे मूल कुणाच्या मदतीशिवाय नवी रचना उघडून बसवू शकतं. परीक्षा द्यायची असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या दोन्ही ब्रिटिश संस्थांच्या पहिली ते आठवी ग्रेड आहेत. 2020 पासून या दोन्हीकडे वादनाचा व्हिडिओ पाठवून परीक्षा देण्याची सोय आहे, त्यामुळे परीक्षेसाठी दूरच्या केंद्रावर जावंच लागतं असं राहिलेलं नाही.

पण पाटीवर 'पियानो' लिहिलेलं असलं तरी आत जाऊन पाहा. पुष्कळ ठिकाणी आत 61 पट्ट्यांचा कीबोर्ड असतो, मूल डाव्या हाताने नुसता कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, दाबून ठेवतं आणि ताल यंत्र वाजवतं. त्यातही आनंद आहे, पण तो वेगळा विषय आहे. ट्रिनिटीमध्ये इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची परीक्षा पियानोपासून वेगळीच घेतात. पियानोला 88 पट्ट्या, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या, आणि त्या वजनदार असतात. बोट जोरात पडलं तर आवाज मोठा, हलकं पडलं तर बारीक. ही समज हलक्या पट्ट्यांवर पूर्ण येत नाही.

आता जाण्यायेण्याचं. एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आणि मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धं, म्हणजे आई आणि लेक मिळून एका पूर्ण तिकिटात जातात. खर्चाची बाजू त्यामुळे बरीच हलकी होते. वेळेची होत नाही. अर्ध्या तासाच्या शिकवणीसाठी रविवारचा अर्धा दिवस जातो, आणि संध्याकाळची बस हुकली की आईचा जीव टांगणीला. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मागोमाग कापसाची वेचणी. त्या दिवसांत घरातलं कोण जाणार? म्हणून नाव घालण्याआधी क्लासवाल्यांना साफ विचारावं की बुडलेला तास भरून मिळतो का, की फी बुडते. यावर गोलमोल उत्तर मिळालं तर मी तरी दुसरा क्लास शोधीन.

घरी वाद्य कोणतं घ्यायचं, यावर लोक सगळ्यात जास्त अडखळतात. खऱ्या लाकडी पियानोचा विचार आपल्याकडे सोडून द्यावा. त्यात दोनशेहून जास्त तारा असतात; त्यांचा ताण लोखंडी चौकट पेलते, पण आवाज घुमवणारी फळी लाकडाचीच असते. मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा कोरडी ठाक, आणि जुलैत भिंतींना ओल. लाकूड आकसतं, फुगतं, सूर उतरतात, आणि सूर लावणारा कारागीर तालुक्यात मिळत नाही. वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो साधारण 35 ते 50 हजारांत येतो, त्याला सूर लावावा लागत नाही. तेवढी ऐपत आज नसेल तर 61 पट्ट्यांचा, पण बोटाचा जोर ओळखणारा कीबोर्ड 10 ते 15 हजारांच्या आसपास मिळतो, आणि पहिलं दीड-दोन वर्षांचं शिक्षण त्यावर नीट होतं. दुकानात एकच पट्टी हळू आणि जोरात दाबून पाहा. आवाजात फरक पडला नाही तर तो कीबोर्ड घेऊ नका. लाइटीचाही विचार करा. बरेच कीबोर्ड सेलवर चालतात, डिजिटल पियानोला मात्र बहुधा अॅडॉप्टरच लागतो, म्हणजे घरी इन्व्हर्टर हवा. आणि कृपा करून तो पेटीसारखा सतरंजीवर ठेवू नका. स्टँड किंवा टेबल हवं, खुर्चीवर बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या उंचीला यायला हवं.

पेटीकडे येतो. आमच्या भागात तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ नाही असं गाव क्वचितच, आणि मंडळ आहे तिथे पेटी आहे. सामुदायिक प्रार्थना झाली की भजन सुरू होतं, खंजिरी वाजते, तबला वाजतो आणि त्या गराड्यात बसलेलं पोर तालाला आपोआप पक्कं होतं. गाणाऱ्याच्या मागे जायचं, त्याने सूर बदलला की बोटं बदलायची, लिहिलेलं काही समोर नसताना वाजवायचं. हे शहरातल्या बंद खोलीतल्या क्लासमध्ये शिकायला मिळणं अवघड आहे. पैसे जवळपास लागत नाहीत. पद्धतशीर शिकायचं तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा आहेत, आणि अशा शास्त्रीय संगीताच्या परीक्षांवर दहावीला वाढीव गुणही मिळतात. त्याच्या अटी शाळेत आधीच विचारून ठेवा.

पेटीवरून पुढे पियानोवर जाता येतं का? येतं, पण अर्धंच तयार होऊन. पट्ट्यांची मांडणी तीच आहे. पांढरी एकमध्ये सा धरून शिकलेल्या मुलाला पियानोवरचा सी शोधावा लागत नाही. कान तयार असतो, उजवा हात तयार असतो. डावा हात मात्र इतकी वर्षं भाता ओढत असतो, त्यामुळे तो पियानोवर अगदी पहिल्या दिवसाचा विद्यार्थी ठरतो. शिवाय पेटीत आवाजाचा जोर भात्यातून येतो, बोटातून नाही. पट्टी दाबून ठेवली की सूर टिकतो. पियानोवर तो वाजताक्षणी विरू लागतो. दहा-बारा वर्षांचं मूल हे नव्याने शिकतं, पण पेटीवर पटपट वाजवणाऱ्याला डाव्या हाताने अडखळत बसणं जिवावर येतं, आणि काही जण तिथेच सोडतात.

मोबाइलवरच्या शिकवणीबद्दल थोडक्यात. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे शिक्षक आणि मूल एकत्र वाजवू शकत नाहीत. झूमसारखं अॅप वाद्याचा लांबलेला सूर गोंगाट समजून कापतं. त्यातलं 'ओरिजिनल साउंड' चालू करावं लागतं. फोन समोर चेहऱ्यावर न धरता बाजूने, हात आणि मनगट दिसेल असा टेकवावा. हात बसलेल्या मुलाला ही सोय फार चांगली. अगदी नवशिक्याला, शेजारी मोठं माणूस बसणार नसेल तर, नाही. पट्ट्यांवर रंगीत दिवे पडणारे व्हिडिओ पाहून मूल एखादं गाणं वाजवेल, पण वाचायला शिकणार नाही.

माझा सल्ला असा. सात वर्षांखालचं मूल असेल तर गाऊ द्या, पेटीजवळ बसू द्या. सात ते दहाचं असेल, पियानोच हवा म्हणून हट्ट धरून असेल आणि घरी वाद्य घेण्याची तयारी असेल, तर पहिलं वर्ष शहरातल्या शिक्षकाकडे प्रत्यक्षच पाठवा. दर आठवड्याला जाणं झेपत नसेल तर महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष आणि मधले दोन तास मोबाइलवर, असं ठरवून घ्या. भजनाला जाणं तरीही बंद करू नका. वाद्य आत्ता घेणं शक्य नसेल तर क्लासची फीही आत्ता भरू नका. घरी न वाजवता नुसतं जाऊन येणारं मूल दोन महिन्यांत कंटाळतं, आणि मग त्याला संगीत येत नाही असा शिक्का बसतो.

सुरुवातीसाठी शाळा उघडण्याचा महिना टाळा. तेव्हा पेरणीची धांदल आणि पावसाने बसचं काही खरं नसतं. सोंगणी उरकून दिवाळी झाली, कापसाचा पहिला पैसा हातात आला, की कीबोर्ड घ्या, आणि त्याच आठवड्यात नाव घाला.