आधी कागद, मग भांडण

नवऱ्याचं दुसरं लग्न उघडकीला येतं ते फार वेळा एखाद्या क्षुल्लक कागदामुळे. मेडिक्लेमच्या कागदावर 'पत्नी' म्हणून भलतंच नाव छापून येतं, किंवा लाडक्या लेकीच्या शाळेसाठी समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) काढायला जावं तर घरच्या यादीतून त्याचं नाव उडालेलं दिसतं. तोवर इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यातली नाईट शिफ्ट आठवड्यातून चार रात्रींची झालेली असते. रामबाग ते सुदामा नगर सगळं मराठी गोत एकमेकांना ओळखतं, म्हणून दुसरा संसार सहसा इंदूरात नसतो. देवास, धार, खरगोन अशा एक ते तीन तासांच्या टप्प्यात असतो.

कळल्या रात्रीच त्याला जाब विचारणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सकाळपर्यंत फोन कोरा झालेला असतो, आणि तिकडे भटजीला आणि साक्षीदारांना निरोप गेलेला असतो. रागाचं समजतं, पण दोन आठवडे तोंड मिटून कागद गोळा करावेत.

कोणते कागद? इथे कायद्याची एक अडचण नीट समजून घ्या. गुन्हा दुसऱ्या लग्नाचा आहे, एकत्र राहण्याचा नाही. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या १९६५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं, कारण लग्नाचे आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणून गळ्यात हार घातलेला देवळातला फोटो पुरत नाही. सप्तपदीचा व्हिडिओ, लग्न लावणारे भटजी, धर्मशाळेची पावती, आर्य समाज मंदिरात झालं असेल तर तिथलं रजिस्टर आणि त्यावर सही केलेले साक्षीदार, हे लागतं. नुसतं नोंदणी प्रमाणपत्रही विधींची जागा घेऊ शकत नाही, असं न्यायालयाने २०२४मध्ये स्पष्ट केलं. बाळाच्या जन्मदाखल्यावर बाप म्हणून त्याचं नाव असेल तर संबंध दिसतो, लग्न नाही. मात्र हाच जन्मदाखला, भाडेकरार आणि चॅट पोटगीच्या अर्जात चांगले उपयोगी पडतात. तिथे पुराव्याची पट्टी इतकी कडक नसते. फौजदारीला कमी पडलं म्हणून काही फेकू नका.

व्हिडिओ ज्या फोनवर आला तो फोन विकू नका, बदलायलाही देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यातला एक भाग तज्ज्ञाच्या सहीचा असतो. नवऱ्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप मात्र टाकू नका, तो उलट तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो.

आता छोड-छुट्टी. आपल्याकडे हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे: स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का, दोन सह्या, आणि 'झाला घटस्फोट'. हिंदू विवाह कायद्यात जातीची प्रथा सिद्ध झाली तरच अशा फारकतीला किंमत आहे, एरवी तो नुसता कागद. तरी सही करू नका. पुढे तोच कागद 'हिच्या संमतीनेच वेगळे झालो' म्हणून पोटगीच्या वेळी तोंडावर फेकला जातो. दुसरा डाव याहून वाईट: समन्स जुन्या पत्त्यावर पाठवून घटस्फोटाचा एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) आधीच मिळवलेला असतो. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावांनी, वर्ष बदलत बदलत शोधा. सापडला तर आणि समन्स रीतसर बजावलेलं नसेल, तर तो रद्द करण्याच्या अर्जाची ३० दिवसांची मुदत कळल्यापासून धावते. त्या दिवशीच वकील गाठा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००.

पोलीस ठाण्यात 'ये हमारे यहाँ नहीं होगा' असं ऐकलं की बायका खचतात. हवालदार टाळतोय असंच नाही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे होते. १ जुलै २०२४ पासूनच्या लग्नाला भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, त्याआधीच्याला जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९४. शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि पहिलं लग्न दुसरीपासून लपवलं असेल तर दहापर्यंत. तक्रारीला मुदत संपण्याची भीती नाही. पहिल्या बायकोच्या वतीने तिचे आईवडील, भाऊ-बहीण, मुलं, इतकंच नव्हे तर मामा, मावशी, काका, आत्याही तक्रार करू शकतात. माहेरचा तो गोतावळा एरवी सल्ले द्यायलाच असतो, इथे खरंच कामाला येतो.

पण आधी पैसा आणि छप्पर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४खाली कुटुंब न्यायालयात पोटगी. नवऱ्याने दुसरी केली हेच वेगळं राहायला पुरेसं कारण धरलं जातं. अंतरिम अर्ज ६० दिवसांत निकाली निघावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात. २०२०पासून दोघांनाही मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं आणि त्यात तो पगार निम्मा दाखवणार हे गृहीत धरा. पगाराची स्लिप, आयटीआर, हप्त्यांचे तपशील घर सोडण्याआधीच कॉपी करून ठेवा. राहत्या घरातून हाकलू नये म्हणून घरगुती हिंसाचार कायद्याचा अर्ज वेगळा.

घटस्फोटाची घाई करू नका. हुकूमनामा होईपर्यंत कायदेशीर बायको तुम्हीच. वारसा आणि कुटुंब निवृत्तीवेतन त्यावर उभं असतं. दुसरीचं लग्न कायद्याने शून्य, तिच्या मुलांना मात्र बापाच्या मालमत्तेत हक्क आहे, तेव्हा त्यांच्याशी वैर धरून हाती काही लागत नाही. आणि ती बाई? बऱ्याचदा तिलाही 'मी घटस्फोटित आहे' हेच सांगितलेलं असतं. अशा फसलेल्या स्त्रीलाही पोटगी मिळू शकते असा २०१३चा निकाल आहे. तिच्याशी शांतपणे बोललात तर तिच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा नाही.

बँकेत संयुक्त खातं 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीचं असेल तर एकाच्या सहीने रिकामं होतं. तसं होऊ नये म्हणून शाखेला लेखी द्या, पोच घ्या. गृहकर्जात सहकर्जदार असाल तर तो हप्ते थकवेल तेव्हा बँक तुम्हालाच धरेल. स्त्रीधनाची वजनासह यादी करा, पावत्या आणि लग्नातले फोटो जोडा. आधारला स्वतःचा मोबाइल जोडा, ओटीपी त्याच्याकडे जाता कामा नये. हळदीकुंकवाला 'हे दिसत नाहीत हल्ली?' असं कुणी विचारेल. 'बाहेरगावी असतात' एवढं पुरे, खोटंही नाही. शाळेत मुलांना न्यायला कोण येईल याचा फॉर्म नव्याने भरा, आणि त्यावर मामाचा नंबर घाला.