थर्मल व्हाया: फूटप्रिंटमध्ये की थेट बोर्डवर?

सर्किट बोर्ड आखताना क्यूएफएन (पाय बाहेर न आलेल्या, चपट्या) चिपच्या पोटाखालचा, उष्णता बाहेर नेणारा उघडा पॅड फूटप्रिंटमध्येच, म्हणजे चिपच्या बोर्डवरच्या जागेच्या तयार नकाशातच काढायचा, यात दुमत नाही. 32 पायांच्या चिपला त्याचा क्रमांक 33 द्यावा आणि तो पिन सिम्बॉलमध्येही (सर्किट आकृतीतल्या चिपच्या चिन्हातही) असावा, नाहीतर पॅड कुठल्याच नेटला (विद्युत जोडणीला) जोडला जात नाही. खरा निर्णय त्या पॅडमधल्या व्हायांचा, म्हणजे उष्णता बोर्डच्या खालच्या बाजूला नेणाऱ्या, आतून तांबं चढवलेल्या छिद्रांचा: त्या फूटप्रिंटमध्येच बसवायच्या, की लेआउट करताना बोर्डवर टाकायच्या?

आधी त्यांचं मोल पाहू. 1.6 मिमी जाड बोर्डात 5 × 5 मिमी पॅडखालच्या नुसत्या एफआर4चा (बोर्ड ज्याचा बनतो त्या साहित्याचा) उष्णतारोध साधारण 200 अंश सेल्सिअस प्रति वॅट भरतो. 0.3 मिमी ड्रिल आणि आत 25 मायक्रॉन तांबं असलेली एकटी व्हाया जवळपास तेवढीच उष्णता खाली नेते. नऊ टाकल्या की रोध 20च्या आसपास येतो. अर्थात खाली तांब्याचा ऐसपैस झोन (सलग भरलेला भाग) हवाच.

फूटप्रिंटमधल्या व्हाया चिप हलवली, फिरवली तरी सोबत जातात. त्याहून मोठा फायदा सोल्डर पेस्टचा. पेस्ट लावायच्या स्टेन्सिलमध्ये (साच्यात) एकच मोठं भोक ठेवलं तर चिप वितळलेल्या सोल्डरवर तरंगते, म्हणून ते छोट्या खिडक्यांत विभागून पॅडचा 50 ते 80 टक्के भाग झाकतात. उघडी व्हाया सोल्डर शोषून घेते, त्यामुळे खिडक्या व्हायांपासून बाजूला हव्यात. ही मांडणी एकदाच नीट करून लायब्ररीत ठेवता येते.

पण किकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फूटप्रिंटमधल्या या खऱ्या व्हाया नसतात, पॅडच्याच क्रमांकाचे आरपार पॅड असतात. त्यामुळे झोनचं थर्मल रिलीफ (पॅडला सलग न जोडता फक्त बारीक पट्ट्यांनी जोडणं) त्यांना लागू होतं आणि जिथे उष्णता मोकळी वाहायला हवी तिथेच ती बारीक पट्ट्यांत अडते. त्यांची झोन जोडणी ‘सॉलिड’ करायला विसरू नका. ड्रिल फाइलमध्येही (कारखान्याला द्यायच्या छिद्रांच्या यादीत) ती घटकांची छिद्रं म्हणून जातात. ‘सगळ्या व्हाया भरून बंद करा’ ही सूचना त्यांना लागू होईल असं गृहीत धरू नका, वेगळं लिहून द्या.

बोर्डवर टाकलेली व्हाया झोनला आपोआप पूर्ण जोडली जाते, आणि मागच्या बाजूला ट्रॅक आडवा आला तर एखादी सरकवता येते. चिप हलली की मात्र सगळ्या पुन्हा जुळवाव्या लागतात.

माझा कौल: तोच घटक पुन्हा पुन्हा वापरणार असाल तर फूटप्रिंट. दोन्ही बाजूंना दाटीने घटक असतील, किंवा व्हाया भरून घ्यायच्या असतील, तर बोर्ड.

दोन्हीकडे पॅडचं नेट डेटाशीटमधून तपासा. एलएम1117 या व्होल्टेज रेग्युलेटरच्या एसओटी-223 पॅकेजचा टॅब (रुंद धातूचा पाय) ग्राउंड नसून आउटपुट असतो. त्याच्या व्हायांना खाली ग्राउंडपासून वेगळा झोन लागतो.