खाऱ्या वाऱ्यातलं गेट: इपॉक्सी की जस्त?

लोखंडी गेट गंजू नये म्हणून नुसतं रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर इनॅमल हा पर्याय मी धरतच नाही. मालवणात समुद्र हाकेच्या अंतरावर, तिथे त्याने दुसरा पावसाळा काढला तरी पुष्कळ. निवड करायची ती इपॉक्सी-पीयू (खाली इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन रंग) आणि हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला थर) यांच्यात. आमच्याकडे पुढच्या गेटला इपॉक्सी होतं, मागच्याला जस्त.

दिसायला इपॉक्सी-पीयू सरस, यात वाद नाही. हवा तो रंग मिळतो, काम दारातच होतं. जस्ताचं राखाडी गेट बायकोला पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. तिच्या मते तो विजेचा खांब आहे.

माझं घोडं अडलं ते कडीपाशी. कडी दिवसातून दहादा सरकते, तिथे रंगावर बोटभर ओरखडा पडला. गंज तेवढ्यावर थांबता तर तक्रार नव्हती. तो रंगाखालून सरकत गेला. वरून सगळं तुळतुळीत, पण अंगठा दाबला की पोपडा सुटायचा आणि खाली तांबूस भुगा. तीन वर्षं दर मे महिन्यात वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि पुन्हा दोन हात. मागच्या गेटलाही तशीच कडी, तसाच ओरखडा. तिथे थोडं पांढुरकं झालं, बस. जस्त आधी स्वतः झिजतं, म्हणून ओरखड्यातलं उघडं पोलाद वाचतं. आमच्या रंगाऱ्याने प्रायमर साधाच मारला होता, सँड ब्लास्टिंगही, म्हणजे वाळूच्या झोताने पोलाद घासणंही, नव्हतं. झिंक-रिच, म्हणजे भरपूर जस्ताची पूड असलेला प्रायमर असता तर कदाचित मी इतका चिडलो नसतो.

हॉट डिपच्याही कटकटी आहेत. गेट टेम्पोत घालून घाटावर न्यावं लागलं. साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या जस्तात ते बुडवतात, त्यात पातळ पत्रा वाकडा होऊ शकतो. पोकळ पाइपला आधी भोकं पाडायची, नाहीतर आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप फुटतो. वेल्डिंगही सगळं आधीच. नंतर बिजागरी डागली की तिथलं जस्त जळालंच.

घरातल्या जिन्याच्या रेलिंगला मी आजही इपॉक्सीच सांगेन. पुढचं गेट मात्र गेल्या दिवाळीनंतर उतरवलं, जुना रंग पार काढला आणि घाटावर पाठवलं. परत आल्यावर एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड धरणारा प्रायमर, मारून बायकोच्या पसंतीचा हिरवा दिला. जस्तावर थेट इनॅमल धरत नाही. कडीची जागा तेवढी राखाडीच सोडलीय.