खाजगी विद्यापीठातलं लॉ स्कूल: तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. अजून दीड वर्ष तिथेच काढायचं आहे. पुण्याच्या हद्दीवर आहे, एवढं पुरे.

मी चौदा वर्षं बँकेत होते, त्यातली निम्मी वसुलीत. थकीत कर्ज वसूल करायच्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खालची साठ दिवसांची नोटीस शेकड्यांनी पाठवली, पण समोरच्याचा वकील दोन प्रश्न विचारायचा आणि मी आमच्या वकिलाकडे बघायचे. शेवटी नोकरी सोडली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीन वर्षांच्या एलएलबीला बसले. पहिली पसंती अर्थातच पुण्यातलं १९२४ चं आयएलएस लॉ कॉलेज, ज्याच्यामुळे लॉ कॉलेज रोडला नाव मिळालं. सीईटीच्या गुणांनी तिथे पोचवलं नाही. इथे त्यांची स्वतःची परीक्षा आणि दहा मिनिटांची मुलाखत होती. फी वर्षाला दोन लाखांच्या वर. महाडीबीटीची, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीची, सवलत लागू नाही, हे मात्र त्यांनी प्रवेशाच्या वेळीच स्वच्छ सांगितलं.

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मूट कोर्टचा, म्हणजे सरावाचे लुटूपुटूचे खटले चालवायच्या दालनाचा, फोटो आहे. सागवानी मंच, काळ्या कातडी खुर्च्या, मागे अशोकस्तंभ. तीन सेमिस्टरमध्ये त्या दालनात मी दोनदा गेले, दोन्ही वेळा पाहुण्यांच्या भाषणाला. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला तीन मूट करायचे असतात, प्रत्येकी दहा गुणांचे. आमचे वर्गातच होतात, बाकं सरकवून. दालन स्पर्धेच्या संघासाठी राखीव, आणि संघात जागा पाचवर्षीय कोर्सच्या मुलांना. मुलं हुशार आहेत, तक्रार नाही. पण त्या फोटोला भुलून कुणी पैसे भरू नका.

आमच्या बॅचचं नशीब असं, की १ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि महिन्याभरात आमचे तास सुरू झाले. खून म्हटलं की तोंडात ३०२ येतं, आता ते १०३. ४२० चं ३१८ झालं. जुने खटले जुन्याच कायद्याने चालणार, म्हणून दोन्ही शिकायचं. पहिल्या सेमिस्टरला ग्रंथालयात नव्या संहितेची धड टीकाग्रंथाची प्रत नव्हती. त्यात फौजदारीच्या बाई ऑक्टोबरात नोकरी सोडून गेल्या आणि तीन आठवडे तास रिकामा. इथे शिक्षक टिकत नाहीत, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. कंत्राटी नेमणूक असेल तर कोण टिकेल? एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र, ही निकाल शोधायची संकेतस्थळं, मात्र घरून चालतात, आणि माझ्यासारख्या संसारी बाईला हे फार सोयीचं पडतं.

आता पैसे कुठे वसूल झाले ते सांगते. निवृत्त दिवाणी न्यायाधीश आठवड्यातून एकदा मसुदालेखन शिकवायला येतात. लॅपटॉप बंद, फुलस्केप कागद, शाईचं पेन. पहिलाच मसुदा वाटपाच्या दाव्याचा होता. मी वंशावळ काढली, दाव्यास कारण केव्हा घडलं ते लिहिलं, मूल्यांकन केलं, सत्यापन केलं, आणि खुशीत दिला. परत आला तेव्हा मिळकतीच्या परिच्छेदाभोवती लाल गोल. गट नंबर होता, चतुःसीमा, म्हणजे चारी दिशांच्या हद्दी, नव्हत्या. सर म्हणाले, "ताई, ही जमीन आहे की ढग? निकाल लागल्यावर मोजणीवाला उभा कुठे राहणार?" दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७, नियम ३, म्हणजे मिळकत ओळखू येईल असं वर्णन द्यायचा नियम, त्या दिवशी डोक्यात बसला तो बसलाच. पुढच्या आठवड्यात 'पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट' लिहून नेलं, तर विचारलं, "ओढा कुणाच्या हद्दीत?"

याच सरांनी आम्हाला शिवाजीनगर कोर्टात पाठवलं. दोन खटले, एक दिवाणी, एक फौजदारी, बघून नोंदी ठेवायच्या असतात, तीस गुणांना. बहुतेक मुलं एकमेकांच्या वह्या उतरवतात. मी खरंच जाऊन बसले. प्रतिवादीच्या लेखी उत्तराला वर्गात आम्ही 'रिटन स्टेटमेंट' म्हणतो, तिथे शिपाई पुकारा करतो आणि वकील म्हणतात, "कैफियत द्यायला मुदत हवी." एक्झिबिट म्हणजे निशाणी, एक्झिक्युशन, म्हणजे निकालाची अंमलबजावणी, ती दरखास्त. आमच्या दोन लाखांच्या कोर्समध्ये यातला एक शब्द कुठे छापलेला नाही. वर्गातली निम्मी मुलं परप्रांतीय, त्यांना मराठी कशाला, असं म्हणता येईल. पण उरलेल्या निम्म्यांनाही सातबारा वाचता येत नाही. मधल्या सुट्टीत मी तो शिकवते, बदल्यात मुली मला साइटेशन, म्हणजे निकालांचे संदर्भ, नीट करून देतात.

बाकीचं भराभर. हजेरीला बार कौन्सिल ७० टक्के मागतं, इथे ७५, आणि ती अ‍ॅपवर. फाटकाबाहेर उभं राहून लागत नाही. प्लेसमेंटच्या यादीतल्या मोठ्या फर्म पाचवर्षीयवाल्यांसाठी येतात. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा, आधी तीन वर्षं वकिली हवी. आणि प्रवेशाआधी बार कौन्सिलची मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे, तो कागद मागून बघा. मी मागितला, तर कारकुनाने असं पाहिलं जणू त्याचा पगार विचारला.

राहिलं विधी सहाय्य केंद्र. महिन्यातून एक शनिवार बसने गावात नेतात. डिसेंबरात एक आजी फोनवर चावडीवरच्या नोटिशीचा फोटो घेऊन आली. वडील वारले, भावाने वारसनोंदीला अर्ज दिला, त्यात हिचं नाव नाही. लखनौची माझी वर्गमैत्रीण हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल पाठ म्हणून दाखवू लागली, वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मुलीचा हक्क, वडील दुरुस्तीच्या वेळी हयात असोत नसोत. मी मराठीत सांगत होते. ती 'रिलिंक्विशमेंट डीड' म्हणाली तेव्हा मी अडखळले, तर आजीच म्हणाली, "हक्कसोडपत्र व्हय? त्यावर अंगठा दे म्हणतोय भाऊ. कापूस विकला की साडी घेतो म्हणाला."

अंगठा दिलेला नव्हता. नोटिशीतल्या पंधरा दिवसांपैकी चार उरले होते. शाळेच्या ओट्यावर बसून हरकत अर्ज लिहिला, फुलस्केपवर, गट नंबर आणि चतुःसीमांसकट. सुनावणीची तारीख लागली आहे, येत्या गुरुवारी. त्या दिवशी माझे सलग तीन तास आहेत आणि हजेरी ७६ वर आली आहे. आजीबरोबर जाणार आहे.