कंबर धरली: मशीनखाली पडून राहायचं की व्यायाम शिकायचा?

वाशीच्या एपीएमसीतला माथाडी असो की महाप्याच्या ऑफिसात आठ तास बसणारी मुलगी, कंबर धरली की 'दहा दिवस शेक घ्या' हे ठरलेलं. ट्रॅक्शन म्हणजे मशीनने कंबर ताणणं, अल्ट्रासाऊंड म्हणजे ध्वनिलहरींचा शेक, आणि विजेचा सौम्य करंट. समजा एका वेळचे ४०० रुपये. दहा वेळचे ४,०००. पण मला खुपते ती बुडालेली हजेरी. रबाळ्याहून ठाण्याला जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो, आणि रोजंदारीवर त्याचे पैसे कोणी देत नाही.

दुसरा मार्ग तीन-चार भेटींचा. फिजिओथेरपिस्टने व्यायाम करून घ्यायचे, ओझं उचलताना गुडघे कसे वाकवायचे ते दाखवायचं, बाकी रोज घरी. त्याच दराने फार तर १,६०० रुपये. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये व्यायामाची शिफारस केली. ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंड आणि कमरेचा पट्टा सरसकट वापरू नये असं सांगितलं. म्हणून माझं मत सरळ दुसऱ्या बाजूला आहे. मशीनखाली बरं वाटतं, नाही असं नाही. पण उद्या पुन्हा पोतं उचलायचंच असतं.

पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र दोन्ही सोडून तडक हॉस्पिटल गाठा.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात आहे का बघा. असेल तर उपचार त्यातच होतात, आणि आजारपणाच्या रजेत, अटी पूर्ण असल्यास, ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतं.