पार्किंग दुकानांपुढे की दुकानांमागे?

वस्तीतल्या छोट्या व्यापारी संकुलाचे नियम ठरवायला बसलं की चर्चा फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येते. इमारत रस्त्यालगत आणायची, की पुढे पार्किंग ठेवून ती मागे सरकवायची? आमच्या समितीत मी दोन्ही मसुद्यांवर काम केलं आणि त्याआधी दोन्ही प्रकारच्या संकुलांना लागून राहिलो. त्यामुळे पुढचं सगळं शेजाऱ्याच्या नजरेतून आहे.

दुकानदारांना पार्किंग बहुधा पुढेच हवं असतं आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. रिकामी जागा दिसली की जाणारी गाडी वळते. दार एकच, त्यामुळे एका माणसाला दुकान सांभाळता येतं. अडचण जागेची. मधल्या वाटेसकट एका गाडीला साधारण ३० चौरस मीटर लागतात. दर १०० चौरस मीटर दुकानाला ४ गाड्यांची अट घाला. १२० चौरस मीटर पार्किंगलाच गेले, म्हणजे दुकानापेक्षा जास्त. एवढा पट्टा फुटपाथ आणि दार यांच्यामध्ये येतो आणि पायी येणाऱ्याला रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या चुकवत तो पार करावा लागतो. अमेरिकी नियोजक क्लॅरन्स पेरी यांनी १९२९ मध्ये शेजार-वस्तीची, म्हणजे शाळा आणि दुकानं पायी गाठता येतील अशा वस्तीची, कल्पना मांडली, तेव्हा दुकानं वस्तीच्या कडेला, चौकांपाशी ठेवली होती. अशा ठिकाणी पायी येणाऱ्याचा विचार आधी व्हावा, असं मला वाटतं.

पण माझं मत बदललं ते मागच्या बाजूमुळे. इमारत मागे सरकली की तिची पाठ थेट घरांच्या कुंपणाला येते. मागे सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यामधली सक्तीची मोकळी जागा, सोडलेलं असतं, पण तीच पट्टी मालाच्या ट्रकची वाट होते. पहाटे ट्रक रिव्हर्स घेताना वाजणारा तो एकसुरी पीप-पीप आवाज, मग कचऱ्याच्या पेटीचं लोखंडी झाकण, आणि दिवसभर एक्झॉस्ट पंख्याची घरघर. आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी ऐन उन्हाळ्यातही बंद असायची. तक्रार केली तेव्हा कळलं की सगळं नियमात बसतंय. अंतर पुरेसं होतं, भिंतही होती. त्या मोकळ्या जागेत काय चालावं याबद्दल मात्र नियमात एक ओळ नव्हती.

इमारत रस्त्यालगत असली की घरं आणि दुकानं यांच्यामध्ये पार्किंग येतं. रात्री हेडलाइट खिडकीवर येतात, हे खरं. पण भरीव भिंत, झाडांची रांग आणि खाली झुकवलेले दिवे एवढ्यावर ते भागतं. शिवाय दुकानं बंद झाली की तिथे शांतता असते. ट्रकची जागा मात्र इमारतीला चिकटून, कुंपणापासून दूर, अशी मसुद्यात स्पष्ट लिहून घ्या.

या पर्यायातही एक खोट आहे. ग्राहक मागून येऊ लागले की दुकानदार रस्त्याकडच्या दाराला कुलूप लावतो. दर्शनी भागात काच किती हवी हे नियम सांगतो, पण त्याच काचेला आतून कपाटाची पाठ लागते आणि फुटपाथवरून चालणाऱ्याला कोरी भिंतच दिसते. म्हणून दोन कलमं हवीतच: दुकान उघडं असेपर्यंत रस्त्याकडचं दार उघडं, आणि डोळ्यांच्या उंचीवरची काच मोकळी.

भूखंड उथळ असेल तर मागे पार्किंग बसणार नाही. तिथे गाड्यांची किमान अटच सैल करता येते. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ती पूर्ण काढून टाकली. आणि रस्ता भरधाव वाहतुकीचा असेल तर पुढच्या पार्किंगचा विचार करायला माझी हरकत नाही. वस्तीतल्या साध्या रस्त्यावर मात्र मी इमारत पुढेच आणेन.

आमच्याकडे ती दोन कलमं शेवटच्या बैठकीत घातली गेली. रस्त्याकडचं दार आता उघडं असतं आणि मी तिथूनच आत जातो.