वर्षाचा मसाला: डंखावरचा की पाकिटातला?

मार्चअखेरीला भाचीचा फोन आला. वाकडला नवीन बिऱ्हाड, दोघंही नोकरीला, घरचं जेवण रात्री एकदाच. "मामा, खरं सांग, वर्षाचा मसाला करून ठेवण्यात काही अर्थ आहे का, की आईचं आपलं उगाच?" आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, तिच्या वाट्याची चार किलो मिरची परस्पर सांगून ठेवली होती. आणि भाचीबाईंच्या फ्लॅटला ऊन म्हणजे ड्राय बाल्कनीत सकाळी दहापर्यंत येतं तेवढंच. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता सविस्तर.

आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला गेली अकरा वर्षं मी करतो. डंखावरच्या, म्हणजे मसाला कांडून देणाऱ्या गिरणीतल्या, रांगेत बहुतेक वेळा एकटाच पुरुष असतो. पण घरात पाकिटंही येतात, त्याची लाज वाटत नाही.

पहिल्यांदा चव वगैरे बाजूला ठेवा आणि चमचा मोजा. आमटी-भाजीला रोज सपाट दोन चमचे मसाला लागत असेल तर ते साधारण 14 ग्रॅम होतात, म्हणजे वर्षाला पाच किलो. भाचीच्या घरी रोजचा एक चमचा, त्यातही शनिवार-रविवार बाहेर. तिला दोन किलो पुरून उरेल. बहिणीच्या चार किलो मिरचीत धणे, सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण पडल्यावर सहा-सात किलोंचा ऐवज होणार. तो ती कुठे ठेवणार आणि कधी संपवणार? मसाला फसतो तो बहुतेक वेळा इथेच, घटकांच्या प्रमाणात नाही.

आता चवीचं. पाकीट आणि डंख यांत मुख्य फरक मिरची कोण निवडतं हा आहे. मी किलोला साधारण 600 ग्रॅम बेडगी, 300 गंटूर आणि 100 लवंगी धरतो. बेडगी रंगासाठी, तिला तिखटपणा बेताचाच. ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गाव, आपण त्याचं बेडगी करून टाकलं. 2011 मध्ये या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिखटपणा गंटूरचा, आणि लवंगी ठसक्यापुरती. घरात लहान मूल आलं की लवंगी वगळायची, गंटूर निम्मी करायची, रंग तसाच राहतो. पाकिटात तुम्हाला 'मीडियम' आणि 'एक्स्ट्रा हॉट' यांतलंच काहीतरी उचलावं लागतं. (बी तिखट असतं म्हणून बी झटकणारे लोक भेटतात. तिखटपणा बी जिला चिकटलेलं असतं त्या पांढुरक्या शिरेत असतो. बीला तो नुसता लागलेला असतो.)

दुसरा फरक कांडण्याचा. डंखावर लोखंडी उखळात जड मुसळं वरखाली आपटत असतात. मिरची चेचली जाते, खोबऱ्या-तिळाचं तेल सुटून मसाल्यात मुरतं, आणि चाळल्यावरही हाताला बारीक कणी लागते. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत पूड एकदम मऊ होते, पण तापते, आणि तापली की वास उडतो. मोठे कारखाने यावर उपाय करतात, काही तर दळताना थंडावा देतात. पण पाकीट फोडल्यावर येणारा वास आणि चाळणीखालच्या कोमट मसाल्याचा वास यांची बरोबरी मला आजवर दिसलेली नाही.

डंखावर मात्र डोळा ठेवून उभं राहावं लागतं. उखळात आधीच्या गिऱ्हाईकाचं मूठभर राहिलेलं असतं. एकदा माझ्या पुढे हळकुंडं होती, माझा पहिला घाणा चक्क पिवळा निघाला. तेव्हापासून पुढच्या बाईंच्या डब्यात काय आहे ते आधी विचारतो. खकाण्याने नाक-डोळे वाहतात, रुमाल ओला करून न्यावा. मुंबईत असाल तर लालबागच्या मिरची गल्लीत मिरची घेऊन तिथेच भाजून, कांडून मिळते. सोसायटीत मिरची भाजून शेजाऱ्यांचे शाप घेण्यापेक्षा ते बरं.

पाकिटाची बाजू लंगडी मुळीच नाही. एक तर एकसारखेपणा. कारखाना वेगवेगळ्या ठिकाणचा माल मिसळून दरवेळी तोच तिखटपणा साधतो. आमच्याकडे दर मे महिन्यात नवी बरणी उघडली की पहिले आठ दिवस आमटी बिघडते, कारण यंदाची मिरची गेल्या वर्षीसारखी नसतेच. शिवाय पाकिटामागे नियम आहेत: मिरची पुडीत ओल 11 टक्क्यांवर असता कामा नये, कृत्रिम रंग चालत नाही, तेल घातलं तर दोन टक्क्यांपर्यंतच आणि तसं छापून. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, ती वाचायला शिका. कांदा-लसूण मसाल्याच्या यादीत मीठ दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसलं तर तुम्ही मसाल्याच्या भावात मीठ घेताय. तारीखही पॅकिंगची असते. आतली मिरची कोल्ड स्टोरेजमध्ये किती महिने होती ते तिच्यावरून कळत नाही.

"घरचं ते शुद्ध" या वाक्यावर मात्र माझा विश्वास उरलेला नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राला दोन मोठ्या भारतीय ब्रँडांच्या काही मसाल्यांत एथिलीन ऑक्साइड सापडलं, तेव्हा आमच्या नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर 'म्हणूनच घरी करा' सुरू झालं. तो वायू मसाल्यातले जंतू मारायला वापरतात, आणि अंश मागे राहिला तर घातक, हे खरंच. पण तो सापडला तो तपासणी झाली म्हणून. माझ्या बरणीची तपासणी कोण करतं? मिरची उघड्यावर वाळते. नंदुरबारला पथाऱ्यांवर पसरलेल्या मिरचीवर अवकाळी पाऊस पडला की काय होतं ते दर काही वर्षांनी बातम्यांत दिसतं. भिजलेली मिरची पुन्हा वाळवून बाजारात आली तर तिच्यातली बुरशी मी भाजल्याने जाईल, पण बुरशीने सोडलेलं विष नुसत्या भाजण्याने पुरतं जात नाही. त्यामुळे मिरची मोडून बघायची. देठ हिरवट-पिवळा, साल चकचकीत, आत पांढुरकी, आणि हलवली की बी खुळखुळलं पाहिजे. आत करडी भुकटी दिसली की पोतं परत.

माझाही एक घाणा वाया गेला आहे. त्या वर्षी ढगाळ हवा होती आणि मला सुट्टी दोनच दिवसांची. कांदा उन्हात पुरता सुकला नव्हता. तेलात तळल्यावर तो कुरकुरीत होईल असं मी धरून चाललो. मसाला डंखावरून आणला तो गरम असतानाच बरणीत दाबला, वर हिंगाचा खडा ठेवला, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. श्रावणात बरणी उघडली तर वरच्या थराला जाळी धरलेली आणि खोबऱ्याचा खवट वास. साडेतीन किलो मसाला फेकला. हिंगाचा खडा ओल्या कांद्यापुढे काय करणार! आता मसाला रात्रभर चादरीवर पसरून गार करतो, मगच भरतो, आणि मोठ्या बरणीऐवजी अर्ध्या किलोच्या बाटल्या करतो. एक वापरात, बाकीच्या फ्रीजमध्ये. उजेड आणि हवा लागली की बेडगीचा रंग सहा महिन्यांत विटतो, फ्रीजमध्ये तो टिकतो.

खर्चाचं थोडक्यात. नुसती मिरची आणि पाकीट यांचा भाव लावू नका. किलोभर मिरचीचे देठ मोडून ऊन दिल्यावर शंभरेक ग्रॅम वजन जातं, वर भाजणावळ आणि कांडणावळ. तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर धरले तर घरचा मसाला साध्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतोच असं नाही. पैसे वाचवायला म्हणून कुणी यात पडू नये.

मधली वाट बचत गटांची आणि घरून मसाला विकणाऱ्या बायकांची. मला ती आवडते, पण दोन प्रश्न विचारून: कधी कांडला, आणि मिरची कोणती? "आत्ताच केलाय" हे जूनच्या पावसात ऐकलं तर ऊन कुठलं दिलं ते विचारा. पाकिटावर अन्न परवान्याचा क्रमांकही बघा, छोट्या उत्पादकालाही नोंदणी लागतेच.

आमच्या घरी हिशोब असा बसला आहे: रोजचं तिखट आणि कांदा-लसूण डंखावरचं, पावभाजी, छोले, सांबार यांचे मसाले पाकिटातले, आणि तेही 50 ग्रॅमचेच. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या सांबारासाठी कोण उन्हात बसणार?

भाचीला मी चार किलोच्या भानगडीत पडू नको म्हणून सांगितलं. बहिणीला राग आला, पण मिरची तिने माझ्या घाण्यात घातली, बाकीचा ऐवज मी मिसळला आणि सगळा मसाला आम्ही एकदमच कांडून आणला. भाचीने त्यातला एक किलो नेला, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन बाटल्यांत. पहिलीवर तिने मार्करने 20 एप्रिल लिहिलंय. ती गणपतीच्या आत संपली तर पुढच्या वर्षी ती माझ्याबरोबर रांगेत उभी राहणार आहे, ओला रुमाल घेऊन. नाही संपली तर दुसरी बाटली मला परत.